गोंदिया जिल्ह्यातील वंशावळ-शोध

गोंदिया जिल्ह्यातील वंशावळ-शोध म्हणजे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यातील कुटुंबांच्या पूर्वजांचा जुन्या महसुली, शालेय आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींतून घेतला जाणारा शोध होय. जिल्ह्यात थोडीच आडनावे फार मोठ्या लोकसंख्येत आढळतात. त्यामुळे केवळ आडनावावरून पूर्वज ओळखता येत नाही. गाव, वडिलांचे नाव, जात आणि जमिनीचा क्रमांक या चार गोष्टी एकत्र जुळल्या, तरच नोंदीतील व्यक्ती विशिष्ट कुटुंबातील आहे असे म्हणता येते. जात प्रमाणपत्राची पडताळणी, वनहक्काचे दावे आणि वारसाहक्क यांसाठी असा शोध आवश्यक ठरतो. त्यामुळे तो केवळ कौटुंबिक जिज्ञासेपुरता मर्यादित राहिलेला नाही.

प्रशासकीय पार्श्वभूमी

जुनी नोंद कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या नावाखाली सापडेल, हे त्या काळच्या प्रशासकीय विभागणीवर अवलंबून असते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन करून निर्माण करण्यात आला. त्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके आहेत. त्यापूर्वीच्या सर्व नोंदींवर जिल्ह्याचे नाव 'भंडारा' असेच असते.

हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले यांच्या निधनानंतर ते राज्य ब्रिटिशांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यावर भंडारा हा त्या प्रांताचा जिल्हा बनला. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे काही भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा करण्यात आला. १९०८ साली रसेल यांच्या संपादनाखाली भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. त्या वेळी जिल्ह्यात भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीन तहसिली होत्या. त्यामुळे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील बहुतेक गावांच्या जुन्या नोंदी तिरोडा किंवा साकोली तहसिलीखाली शोधाव्या लागतात.

स्वातंत्र्यानंतर हा भाग मध्य प्रदेश राज्यात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. गोंदिया, आमगाव व सालेकसा भागांतील अनेक कुटुंबांचे सोयरेसंबंध बालाघाट, वारासिवनी, लांजी आणि डोंगरगड या गावांशी आहेत. ही गावे आज मध्य प्रदेश व छत्तीसगडमध्ये आहेत. म्हणजेच एकाच कुळाच्या नोंदी तीन राज्यांच्या कार्यालयांत विभागल्या गेलेल्या असू शकतात.

आडनावांचे स्वरूप

जिल्ह्यातील आडनावांच्या पुनरावृत्तीचे मुख्य कारण त्यांच्या उगमात आहे. येथे अनेक आडनावे ही मुळात कुळांची नावे आहेत.

पोवार समाजात 'कुर' या नावाने ओळखली जाणारी छत्तीस कुळे परंपरेने मानली जातात. बिसेन, पटले, रहांगडाले, टेंभरे, कटरे, ठाकरे, तुरकर, पारधी, बोपचे, येडे, शरणागत, हरिणखेडे, अंबुले आणि चौधरी ही त्यांपैकी काही होत. एका कुरातील मुलामुलींचे विवाह आपसांत होत नाहीत. परिणामी प्रत्येक कुर वैनगंगेच्या खोऱ्यात शेकडो गावांत विखुरलेले आहे आणि काही गावांत अर्धी घरे एकाच कुराची असतात.

गोंड समाजात मडावी, उईके, मरसकोल्हे, कुंभरे, सलामे, टेकाम, नेताम, वरखडे आणि कोरेटी ही आडनावे आढळतात. ही कुळे चार, पाच, सहा किंवा सात देवे मानणाऱ्या गटांत विभागलेली आहेत आणि एकाच देवसंख्येच्या गटात विवाह केला जात नाही. येथेही आडनाव हे कुळाचे चिन्ह असून घराण्याचे नाही.

दुसरी अडचण म्हणजे एकच आडनाव वेगवेगळ्या समाजांत असणे. 'मेश्राम' हे आडनाव बौद्ध समाजात आणि गोंड समाजातही आढळते. 'भोयर' हे पोवारांतील एका कुराचे नाव आहे आणि त्याच नावाची स्वतंत्र जातही आहे. 'राऊत', 'चौधरी' आणि 'पाटील' यांसारखी पदवाचक नावे अनेक जातींत रूढ आहेत. त्यामुळे आडनाव जुळले म्हणून जात जुळली असे ठरत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुसंख्य ग्रामीण नोंदींत आडनाव लिहिलेलेच नसते. व्यक्तीची ओळख 'अमुक वल्द तमुक, जात पोवार, साकिन मौजा अमुक' अशी दिली जाते. मूल शाळेत दाखल झाले तेव्हा किंवा जमिनीचा खरेदीव्यवहार झाला तेव्हा आडनाव प्रथम कागदावर आले, असे पुष्कळ कुटुंबांत दिसते. एका भावाने कुराचे नाव लावले आणि दुसऱ्याने पदवाचक नाव लावले, तर पुढील पिढीत सख्ख्या चुलत भावंडांची आडनावे भिन्न होतात.

अभिलेखांचे प्रकार

बंदोबस्त आणि अधिकार अभिलेख

१८६० च्या दशकात मध्य प्रांतात जमीन-महसुलाचा पहिला मोठा बंदोबस्त झाला. त्यात गावाची जमीन मोजून मालगुजाराची मालकी मान्य करण्यात आली. शेत कसणाऱ्यांची नावे, त्यांच्या हक्काचा प्रकार आणि भरावयाची रक्कम यांच्या याद्या तयार झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नवे बंदोबस्त झाले. या मिसलींमध्ये खातेदाराचे नाव, वडिलांचे नाव, बहुधा जात आणि शेताचा खसरा क्रमांक मिळतो.

मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी व जमीनदारी संपुष्टात आली आणि १९५१ पासून गावांचे मालकी हक्क शासनाकडे गेले. त्यानंतर १९५४-५५ चा 'अधिकार अभिलेख' तयार झाला. गावातील सर्व खातेदारांची एका विशिष्ट वेळेची यादी म्हणून हा अभिलेख पूर्व विदर्भात फार उपयोगी पडतो. जुना बंदोबस्त आणि आजचा सातबारा यांच्यातील तो दुवा आहे.

फेरफार व वारस नोंदी

खातेदार मरण पावल्यावर त्याच्या वारसांची नावे लावण्यासाठी घेतलेला फेरफार हा वंशावळीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा समजला जातो, कारण एकाच नोंदीत दोन पिढ्या जोडलेल्या असतात. गाव नमुना ६ मध्ये फेरफार आणि ६-क मध्ये वारसांची नोंद असते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानंतर मुलींची नावेही वारस म्हणून लागू लागली. त्यामुळे ज्या आत्या व आजींचा मागमूस अन्यत्र राहत नाही, त्यांची नावे आणि सासरची गावे या नोंदींत मिळतात.

कोतवाल पंजी

मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म व मृत्यूची खबर देत असे आणि त्यावरून नोंदवहीत नोंद होत असे. तिला 'कोतवाल पंजी' किंवा 'कोतवाल बुक' म्हणतात. तिच्यात दिनांक, गाव, वडिलांचे नाव आणि जात यांची नोंद असते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. बारशापूर्वीच खबर दिली जात असल्याने केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी' असे लिहिलेले आढळते. म्हणून अशी नोंद एकटी पुरेशी ठरत नाही. त्याच वडिलांच्या इतर अपत्यांचे जन्म आणि त्यांतील वर्षांचे अंतर पाहून कोणता जन्म कोणाचा, हे ठरवावे लागते. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा केंद्रीय कायदा १९६९ चा आहे.

शाळेचे दाखल-खारीज

प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मदिनांक आणि शाळेत येण्या-जाण्याची तारीख असते. मध्य प्रदेशच्या काळात या शाळा जनपद सभांकडे होत्या. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्या जिल्हा परिषदेकडे आल्या. जन्मदिनांक पुष्कळदा शिक्षकाने अंदाजाने लिहिलेला असतो. १ जून किंवा १ जुलै या तारखा वारंवार दिसतात त्या याच कारणाने. त्यामुळे कोतवाल पंजी आणि दाखल-खारीज यांतील तारखा जुळल्या नाहीत, तरी व्यक्ती भिन्न असेलच असे नाही.

परंपरागत वंशावळकार

कागदी नोंदींच्या पलीकडे मौखिक व खासगी परंपरा आहेत. पोवारांसह काही समाजांची वंशावळ भाट आपल्या पोथ्यांत लिहून ठेवत. गोंडांच्या कुळकथा व वंशगाथा परधान गायकांनी जपल्या. प्रयाग, गया, त्र्यंबकेश्वर आणि हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांची नावे गाव व जातीनुसार लिहिलेली असतात. अस्थिविसर्जनासाठी गेलेल्या नातलगाने तेथे वडील, आजोबा व पणजोबा यांची नावे सांगितलेली असतात. शासकीय कामात या वह्यांचे वजन मर्यादित असले, तरी पुढील शोधाची दिशा त्यांतून मिळते.

अभिलेखांतील संज्ञा

जुन्या नोंदींची भाषा मराठी व हिंदी मिश्रित असून तिच्यात फारसी-अरबी मूळ असलेले महसुली शब्द पुष्कळ आहेत. भोसलेकालीन कागद मोडी लिपीत असतात.

वल्द: चा मुलगा.
जौजे: ची पत्नी.
बेवा: विधवा.
साकिन: राहणार.
मौजा: महसुली गाव.
मौरूसी: वारसाने चालणारा वहिवाटीचा हक्क असलेला काश्तकार.
मालिक मकबुजा: मालगुजारी गावात स्वतःच्या शेतापुरती मालकी असलेला शेतकरी.
पटवारी हलका: एका पटवाऱ्याकडे असलेला गावांचा गट, आजचा तलाठी साझा.
रिठी: महसुली नोंदीत असलेले, परंतु वस्ती उरलेली नाही असे गाव.
टोला: मूळ गावापासून फुटलेली वस्ती. नोंद टोल्याच्या नावे न सापडल्यास मूळ मौजाच्या नावे पाहावी लागते.

कालगणनेचीही अडचण येते. शक वर्षात ७८ मिळवल्यास आणि विक्रम संवतातून ५७ वजा केल्यास साधारणपणे इसवी सन मिळतो. फसली सनाची गणना प्रदेशानुसार थोडी बदलते. म्हणून त्याच कागदावर दुसरा सन दिलेला असल्यास त्याच्याशी ताडून पाहणे इष्ट असते.

शोधाची पद्धत

शोध वर्तमानाकडून भूतकाळाकडे नेला जातो. प्रथम घरातील वृद्धांकडून नावे, मूळ गाव, शेताचे स्थानिक नाव आणि सोयऱ्यांची गावे लिहून घेतली जातात. त्यानंतर आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार क्रमांक घेऊन एकेक पिढी मागे जाता येते. आडनाव शोधण्याऐवजी जमिनीचा तुकडा मागे नेणे हे या पद्धतीचे सूत्र आहे. माणसाचे नाव नोंदींत बदलते, परंतु शेत जागचे हलत नाही. क्रमांक बदलले तरी जुन्या व नव्या क्रमांकांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयात पाहता येतो. भूमिहीन कुटुंबांना हा मार्ग उपलब्ध नसतो. त्यांना कोतवाल पंजी व शाळेच्या नोंदींवर अधिक अवलंबून राहावे लागते.

गावाची ओळख प्रथम पक्की करणे आवश्यक असते. जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या नावांतच 'अर्जुनी' हा शब्द आहे, आणि खुर्द-बुद्रुक अशी जोडगावेही आहेत. गावाबरोबर तहसील आणि पटवारी हलका क्रमांक नोंदवल्यास गल्लत टळते.

एका काल्पनिक उदाहरणावरून ही पद्धत स्पष्ट होते. एका गावात १९२० च्या सुमारास 'सुखराम वल्द दसरू, जात पोवार' अशा दोन व्यक्ती आहेत असे समजू. शोध घेणाऱ्याचे आडनाव पटले असून त्याच्या पणजोबांचे नाव सुखराम होते. नोंदींत आडनाव नाही, जात व वडिलांचे नावही सारखेच आहे. अधिकार अभिलेखात मात्र एका सुखरामचे शेत गावतलावाखाली आणि दुसऱ्याचे टोल्यालगत दिसते. आजोबांच्या नावे लागलेला वारस फेरफार तलावाखालच्या शेताचा असेल, तर पणजोबा कोणते हे निश्चित होते. त्यानंतरच कोतवाल पंजीतील त्या सुखरामच्या अपत्यांच्या नोंदी या कुटुंबाच्या मानता येतात. हा दुवा जोडण्यापूर्वी घेतलेली कोणतीही नोंद दुसऱ्याच्या पूर्वजाची असू शकते.

शेजाऱ्यांच्या, साक्षीदारांच्या आणि सोयऱ्यांच्या नोंदीही सोबत पाहिल्या जातात. एकाच आडनावाच्या दोन कुटुंबांचे शेजारी व सोयरे सहसा एकसारखे नसतात.

कायदेशीर महत्त्व

महाराष्ट्रात जात प्रमाणपत्र व त्याची पडताळणी २००० च्या अधिनियमानुसार होते. अर्जदाराचे कुटुंब विशिष्ट दिनांकास महाराष्ट्रात राहत होते, हे दाखवावे लागते. हा मानीव दिनांक अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला वैधता प्रमाणपत्र सादर करावे लागते. दावा अवैध ठरल्यास प्रवेश, नोकरी किंवा निवडून मिळालेले पद जाऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात (१९९४) पडताळणी समित्यांची कार्यपद्धती घालून दिली. आनंद खटल्यात (२०११) स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदपत्रांना अधिक पुराव्यामूल्य असल्याचे सांगितले. २०२३ च्या निकालात जमातीच्या चालीरीतींशी आप्तभाव तपासणारी चाचणी ही एकमेव कसोटी नसल्याचे स्पष्ट केले. नागपूर विभागातील हलबा-कोष्टी प्रश्नावर २००० मध्ये आलेल्या मिलिंद खटल्याच्या निकालाने नोंदीतील जातीच्या नेमक्या शब्दाला किती महत्त्व असते ते दिसून आले.

याच कारणाने दोन पिढ्यांतील नोंदींत दिसणारा फरक समजून घ्यावा लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांत आजोबांची नोंद 'महार' आणि नातवाची 'बौद्ध' अशी आहे. 'पोवार', 'पवार' व 'पँवार' ही लेखनभेदाची उदाहरणे आहेत. अशा भेदाचे स्पष्टीकरण सर्व नोंदी क्रमाने मांडून करता येते. मूळ नोंदवहीत खाडाखोड करून किंवा शब्द वाढवून ते होत नाही. दक्षता पथक शाई, हस्ताक्षर आणि लगतच्या नोंदी तपासते, आणि बनावट नोंद खऱ्या दाव्यालाही बाधक ठरते.

वनहक्क कायदा, २००६ नुसार इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनक्षेत्रातील वास्तव्य दाखवावे लागते. या कायद्याच्या नियमांत जुन्या अभिलेखांतील व्यक्तींशी नाते दाखवणारी वंशावळ आणि वृद्धांचे लेखी जबाब हे पुरावे म्हणून मान्य आहेत. जंगलव्याप्त देवरी, सालेकसा आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत वंशावळ-शोधाचा संबंध थेट उपजीविकेशी येतो.

इतर देशांशी तुलना

समान आडनावांची अडचण आयर्लंडमध्येही प्रसिद्ध आहे. तेथे मर्फी, केली, सलिव्हन यांसारखी आडनावे मुळात कुळनामे असल्याने फार मोठ्या प्रमाणावर आढळतात. ३० जून १९२२ रोजी यादवीच्या काळात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील अभिलेखागार नष्ट झाले आणि १८२१ ते १८५१ या काळातील बहुतांश जनगणना-पत्रके गेली. १९०१ व १९११ ची जनगणना संपूर्ण उपलब्ध आहे. त्याआधीच्या काळासाठी १८४७ ते १८६४ या काळात झालेल्या ग्रिफिथ मूल्यांकनाचा आधार घेतला जातो. त्यात जमीन धारण करणाऱ्यांची नावे 'टाउनलँड' या लहान ग्रामविभागानुसार दिलेली आहेत. आडनावाऐवजी जमिनीवरून शोध घेण्याची पद्धत तेथेही प्रमाण मानली जाते. भारतात जनगणनेची कुटुंबनिहाय पत्रके शोधासाठी उपलब्ध नसल्यामुळे महसुली अभिलेखांचे महत्त्व आणखी वाढते.

मर्यादा

अभिलेख सर्वांची सारखीच नोंद घेत नाहीत. खातेदार पुरुष वारंवार दिसतो. स्त्रिया, शेतमजूर आणि हंगामी स्थलांतर करणारी कुटुंबे क्वचित दिसतात. वाळवी, ओल व सततची हाताळणी यांमुळे नोंदवह्या जीर्ण झाल्या आहेत आणि काही गावांच्या सलग वर्षांच्या पंजी मिळत नाहीत. जिल्हा विभाजनामुळे भंडारा व गोंदिया या दोन्ही ठिकाणच्या अभिलेखागारांत चौकशी करावी लागते. संगणकीकृत प्रतींमुळे शोध सुलभ झाला असला, तरी जुने अक्षर वाचताना चूक राहू शकते. म्हणून संशय असेल तेथे मूळ पानाची प्रमाणित नक्कल घेऊन त्याच पानावरील आधीच्या व नंतरच्या नोंदी वाचणे आवश्यक मानले जाते.